गोचिडीशेजारचा फोटो

आईचा फोटो घेऊन मी मानपाड्याच्या शाळेत पोचले, तेव्हा रंगारी चुन्याची बादली ढवळत होता.

आई मागच्या महिन्यात गेली. तिने जन्मभर इथे विज्ञान शिकवलं, म्हणून व्हरांड्याच्या भिंतीवर तिचा फोटो लावायचं संस्थेचे अध्यक्ष नाथाशेठ यांनी ठरवलं होतं. त्यासाठी तिथलं जुनं चित्र पुसणार होते. ते काढलं होतं आईनेच. डावीकडे मॅनाटी, पाण्यातलं गवत खाणारी अवाढव्य समुद्रगाय, हत्तीची लांबची नातलग. उजवीकडे गोचीड, आठ पायांची, कोळ्याची नातलग. दोघी एकाच मापाच्या.

"नाथाशेठ, चित्र राहू दे," मी म्हटलं.

"अहो ताई, बाईंचा फोटो गोचिडीशेजारी? बरं दिसतं का?"

"आई तर कायम तिच्याशेजारीच उभी राहिली."

पाचवीच्या प्रत्येक वर्गाला ती इथे आणायची आणि विचारायची, या दोघींत सारखं काय? स्वतः उत्तर कधी देत नसे. ज्याला नवं काही सुचेल त्याने चित्राखाली गवताची एक काडी रंगवायची. एक मुलगी म्हणाली होती, दोघींना गवत लागतं. एकीला खायला, दुसरीला दबा धरून बसायला. आता खाली कुरणच झालं होतं.

"तुम्हीही आईच्याच वर्गात होतात ना? तुमची काडी कुठली?" मी विचारलं.

नाथाशेठ गुडघ्यावर हात टेकून नळाजवळ वाकले. "ही. वाकडी."

"काय सांगितलं होतंत?"

"दोघींना घाई नाही. एक रमतगमत पोहते, दुसरी महिनोन् महिने जनावराची वाट बघते." ते हसले. "आमचा तबेला होता ना. म्हशींच्या कानातल्या गोचिडी काढून मग शाळेत यायचो. पोरं नाक धरायची. बाई म्हणाल्या, नाथा, हिला तुझ्याइतकं जवळून कुणी पाहिलंय? ये पुढे."

हे आईने घरी कधी सांगितलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

"शेठ, मारू का चुना?" रंगाऱ्याने विचारलं.

"अरे, इथं कुठं मारतोस? तिकडं संडासाला मार!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण मग बाईंची आठवण कुठं राहणार, ताई?"

"एवढ्या काड्या आहेत की," मी म्हटलं. फोटो पिशवीतच ठेवला आणि त्यांच्या काडीवर उडालेला चुन्याचा थेंब रुमालाने पुसून टाकला.