पाठीवरचा लाल रंग

तळेगाव ढमढेऱ्यात तात्याबांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. मुलगा गोकुळनं फवारणीसाठी थेंबांना विजेचा चार्ज देणारा नवा पंप आणला आणि बापलेकांत कुरबुर सुरू झाली.

"नुसतं धुकं उडतंय. पानाला काय लागत न्हाई," तात्याबा म्हणायचे.

त्यात गोकुळला सारखी मळमळ, चक्कर. गावातले डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं असेल.

सून सुवर्णा फिजिक्स शिकलेली. तीच म्हणाली, "मामा, आज पंपात कीड मारायचं औषध नको. पाण्यात खायचा लाल रंग टाकू, म्हंजी डोळ्यानंच बघा."

आधी गोकुळनं चार्जचं बटण बंद ठेवून फवारलं. पानं वरून लाल झाली, खालून कोरडी. मग शेजारच्या ओळीत बटण चालू केलं. तात्याबांनी पान उलटलं. खालचा भागही लालभडक! ते पानाकडं बघतच राहिले.

"अगं, हे खालनं कसं शिरलं?"

"साध्या थेंबावर चार्ज नसतो मामा, ढकलला तसा सरळ जातो. चार्ज असलेल्या थेंबाला झाड ओढून घेतं, मग तो वळून मागच्या बाजूलाबी..."

बोलता बोलता तिची नजर गोकुळकडं गेली आणि शब्द तोंडातच राहिले. मघाशी पांढरी असलेली त्याची बनियन पाठीवर लाल झाली होती. मानेवर, कानांमागं बारीक लाल ठिपके.

"अहो, तुमची पाठ!"

"पाठ? मी तर नळी पुढं धरली व्हती."

"तुम्हीबी झाडासारखेच जमिनीवर उभे हाय. थेंब तुम्हालाबी ओढले गेले."

गोकुळनं मानेवरनं हात फिरवून बघितला, बोटं लाल झाली. औषध मारताना तो फक्त तोंडाला रुमाल बांधायचा. अंगात हीच बनियन.

"म्हंजी इतके दिवस मी औषधानंच..." तो बनियन ओढून काढायला लागला.

तात्याबांनी हातातलं पान टाकलं. "पोरी, जीप बोलाव," एवढंच ते म्हणाले. सुवर्णानं त्याला साबणानं आंघोळ घातली, कपडे बदलले आणि औषधाची बाटली पिशवीत टाकली.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली वाचली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बघून ते गंभीर झाले. औषध कातडीतून अंगात भिनलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं.

सलाइन चालू असताना तात्याबा खाटेच्या पायथ्याशी बसून होते. "मी पानाचीच काळजी करीत बसलो," ते पुटपुटले.

गोकुळ बरा होऊन घरी आला. पंप ठेवायचा की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. तात्याबांनी मात्र दुकानातून डोक्यापासून पायापर्यंतचा फवारणीचा सूट आणला आणि स्वतः अंगात घालून बघितला.