सहा पेले कच्चं दूध

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता शशिकांतने इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर टाकला. 'तळमजल्यावरचा व्हॅनवाला सिराजुद्दीन संसर्गाच्या तापाने आयसोलेशन वॉर्डात आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्याच्या कुटुंबाने आजच फ्लॅट सोडावा, असं पत्र मालकाला देतोय. बारापर्यंत सह्या कराव्यात.' साडेसातपर्यंत नऊ घरांनी होकार कळवला.

सौदीतल्या अल-खोबरमध्ये अकरा वर्षं राहत असलेला हा इंजिनियर. त्याची बायको सुनीती इस्पितळात संसर्ग-नियंत्रणाचं काम पाहायची. तिने मजकूर वाचला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"सिराजच्या बायकोला, फरहानाला, चौदा दिवस घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. आणि तू तिला घराबाहेर काढतोयस?"

"जेद्दाला भाऊ आहे तिचा."

"म्हणजे संसर्ग असलाच, तर विमानभर वाटत जायचं! वा रे सुरक्षितता!"

"मग आपल्या रुचाला धोक्यात घालू?"

आतल्या खोलीत रुचा खोकली. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"एसीमुळे असेल," शशिकांत घाईने म्हणाला.

"शशी, पावणेसातशे वर्षांपूर्वी युरोपात प्लेग आला. गलबतांतून बंदरात उतरला आणि तिसरा हिस्सा माणसं घेऊन गेला. लोक म्हणाले, ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. स्ट्रासबर्गमध्ये तर साथ पोचायच्या आधीच शेकडो ज्यूंना जाळलं."

"मग?"

"मग साथ आलीच. उंदीर-पिसवांकडे कुणी पाहिलंच नव्हतं."

"इतिहास सांगू नकोस गं सकाळी सकाळी!"

तेवढ्यात शशिकांतचा फोन वाजला. फरहानाचं नाव पाहून त्याने तो पालथा घातला. सुनीतीने तो उचलून स्पीकर लावला.

"शशीभाऊ, पत्राचं कळलं. जायला सांगाल तर जाईन. पण आमच्या ह्यांना धाप लागलीय. हा ताप उंटांकडून येतो म्हणे, आणि डॉक्टर एकच विचारतायत, उंटांच्या फार्मवर बरोबर कोण होतं? हे सांगतात, एकटाच होतो. तुम्ही काल फोन करून शब्द घेतलात ना! आता तेवढं त्यांना शब्दातून मोकळं करा."

"कसला शब्द?" सुनीतीने विचारलं.

शशिकांतला सांगावंच लागलं. मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सुनीती ड्युटीवर असताना इमारतीतली मंडळी सिराजच्या व्हॅनमधून वाळवंटातल्या फार्मवर गेली होती. उंटांना कवटाळून फोटो काढले होते. उंटिणीचं धारोष्ण दूध सहा जणांनी फेसासकट प्यायलं होतं. संपर्काच्या यादीत नाव आलं, तर प्लांटचा गेटपास थांबेल, कंत्राट जाईल, इकामाचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, काय होईल, या भीतीने त्याने सिराजला गप्प केलं होतं.

दारात रुचा उभी होती. "मम्मा, आय ऑल्सो ड्रँक. जस्ट हाफ ग्लास. पप्पा सेड डोन्ट टेल."

"अरे देवा!" सुनीतीने रुचाच्या कपाळाला हात लावला. "घर कुणाचं खाली करायचं, शशी? आपलंच करूया!"

ज्याने आपलं नाव सांगितलं नाही, त्यालाच आपण हाकलायला निघालो! शशिकांतने पत्राचा मजकूर काढून टाकला आणि नवा लिहिला: 'फार्मवर मीही होतो. कच्चं दूध मीही प्यायलो, मुलीलाही दिलं. सिराजला खोटं बोलायला मी लावलं. बरोबर असलेल्या सर्वांनी आजच तपासणी करावी. फरहानाताई कुठेही जाणार नाहीत.' मग आरोग्य खात्याला फोन लावून त्याने रुचासकट सहाही नावं सांगितली.

वाचकहो, शेजाऱ्याला हाकलून कोणतीही साथ थांबलेली नाही. लपवाछपवीने मात्र ती प्रत्येक वेळी वाढली आहे. नोकरीच्या भीतीने आपण गप्प बसतो, तेव्हा त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याच्या श्वासाने मोजली जाते.

दुपारी अडीचपर्यंत सहापैकी चौघांनी नमुने दिले होते. दोघांचे फोन बंद होते. फरहानाच्या दाराशी सुनीतीने जेवणाचा डबा ठेवला. सिराजुद्दीनला व्हेंटिलेटरवर घेतल्याचं इस्पितळाने कळवलं आहे. रुचाला एकशे एक ताप आहे. तिचा रिपोर्ट अजून आलेला नाही.