शकुनबाईची पाठ

पंच्याऐंशी साली नागपुरात शकुनबाईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. डॉक्टरांनी स्तन ठेवला आणि पडलेला खड्डा तिच्याच पाठीचं मांस कातडीसकट पुढे वळवून भरला. रक्ताची नळी आणि मज्जातंतू तोडले नव्हते, म्हणून ते मांस जगलं. गावी, करडीला परतल्यावर बाया तब्येत विचारायच्या आणि नजर पदराला चिकटवायच्या. मरोत त्या. शकुनबाईला धास्ती होती ती नवऱ्याची, टिकारामची. त्याला किळस आली तर? महिनाभर तिनं त्याच्यासमोर लुगडंसुद्धा बदललं नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिच्या आखडलेल्या पाठीला तो मोहाचं तेल चोळायचा, हा त्या घरचा रिवाज. यंदाही दुपारी तो वाटी घेऊन बसला.

"कायले? मी कोठं गेली यंदा रोवाले?"

"मले सवय हाय."

तिनं चोळी सोडली, पण पाठ न करता समोरच बसली. "पाहून घ्या मंग एकदाचं."

त्यानं स्तनावरच्या त्या मांसावर बोट ठेवलं. ती दचकली. "तुमचा हात पुढं हाय, अन् मले पाठीवर लागून राहिला ना जी."

"लागनच. तिथलंच मांस हाय ते. इतकी वर्सं मीच तं चोळलं," टिकाराम म्हणाला आणि त्यानं बोटं तेलात बुडवली. "सरक जवळ."