मानेतली मुळं

रामघाटावरच्या वेदपाठशाळेत देवव्रतच्या उजव्या हाताकडे बघून पोरं स्वर शिकत. यजुर्वेद म्हणताना तिथे स्वर हाताने दाखवायचे, आणि त्याचा हात कधी चुकला नव्हता. पंच्याण्णव सालच्या मार्गशीर्षात गोदौलियाच्या चौकात जीपने त्याची स्कूटर उडवली. तो खांद्यावर आपटला, मान विरुद्ध बाजूला ओढली गेली आणि तेव्हापासून तो हात नुसता लोंबत राहिला.

हाड मोडलं नव्हतं, एवढं वेणीमाधवकाकांना पुरलं. ते देवव्रतचे चुलते आणि पाठशाळेचे गुरुजी. "नस चढलीय, मालिशनं उतरेल," त्यांनी ठरवून टाकलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी लखनौला नेऊन मानेचा एमआरआय करायला सांगितलं होतं. देवव्रतच्या बायकोने, ईशानीने, तीनदा विषय काढला. तिन्हीदा काका म्हणाले, "यंत्रात निजवून काय कळणार? पाठ चुकवायची निमित्तं ही."

असं वर्ष उलटलं. माघात एके दिवशी ईशानी पाठशाळेत पाणी द्यायला गेली, तर काकांनी पोरांसमोर देवव्रतचं मनगट धरलेलं. स्वरागणिक ते हात हिसडून वरखाली करत होते. "बघा, हलतो की नाही!" देवव्रत खाली बघून मंत्र म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाला न विचारता तिने त्याला लखनौच्या गाडीत बसवलं.

तिथे एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी त्याची फिल्म दिव्यावर लावली. मानेच्या मणक्यांशेजारी तीन पांढरे फुगे दिसत होते.

"नसों की जड़ें ही उखड़ गई हैं, वहीं पानी भरा है. इतनी देर क्यों की? छह महीने में लाते तो दूसरी नस जोड़कर कोहनी मोड़ने की कोशिश करते. अब तो मांस ही सूख गया."

परतीच्या गाडीत देवव्रत म्हणाला, "काकांना काही बोलू नकोस."

"मग कोणाला बोलू? जीपवाल्याला?"

घरी न जाता ती थेट पाठशाळेत शिरली आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"काका, इकडे बघा. मुळं उपटलीत. हा पाठ चुकवत नव्हता."

काकांनी चष्मा लावला, काढला. "देवाची इच्छा, सूनबाई."

"देवाला मध्ये आणू नका. नाही तुम्ही म्हणालात. तीनदा. मी मोजलंय."

काका फिल्मकडे बघत पुटपुटले, "आता शस्त्रक्रिया केली तर?"

"आता काही नाही." तिने मुद्दाम सावकाश सांगितलं. त्यांना एक शब्दही सौम्य करून द्यायची तिची तयारी नव्हती.

महिन्याभरात दोघांनी मंगला गौरीच्या देवळाजवळ खोली घेतली. देवव्रत तिथे पोरांना नुसत्या आवाजाने शिकवू लागला. हाताच्या खुणा मोठा विद्यार्थी करी. सणावारी काकांकडे जाणं सुटलं नाही. देवव्रत वाकून नमस्कार करी. ईशानी फळं ठेवी आणि ताठ उभी राही. त्यांच्या पाया ती पुन्हा कधी पडली नाही.