रोसकारचा बेत

कोर्बिनियनचा फोन आला तेव्हा रोझविथा दुकानात एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्याची काडी घट्ट करत होती. फोनवर नाव उमटलं आणि तिच्या चिमट्यातला मोहरीएवढा स्क्रू निसटून टेबलाखाली गेला. अकरा वर्षांत या माणसाचा फोन आला नव्हता. तिनेही त्याचा नंबर कधी पुसला नव्हता, का ते तिलाच माहीत नव्हतं.

बाईंची माफी मागून ती मागच्या खोलीत गेली.

"रोझी, फेन्या माझ्याकडे आली होती," तो म्हणाला. कसं चाललंय वगैरे काही नाही. "कार्निव्हलच्या सुट्टीत तीन दिवस तिला डोंगरात न्यायला सांगतेय. स्कीवर चढायचं, स्कीवरच उतरायचं. मी तिला म्हटलं, आधी तुझ्या आईशी बोलेन. त्याशिवाय पायात बूटसुद्धा घालणार नाही."

रोझविथाने खोलीचं दार लोटून घेतलं. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मीही नाही म्हणेन."

"म्हणजे वाईटपणा माझ्या माथी."

"तसं समज हवं तर," तो शांतपणे म्हणाला. "पण तुला न सांगता तिला नेलं असतं, तर ते जास्त वाईट झालं असतं."

गेर्नोट, म्हणजे रोझविथाचा नवरा, आणि कोर्बिनियन शाळेपासूनचे मित्र. केम्प्टनच्या एकाच गल्लीत वाढले, दर हिवाळ्यात एकत्र डोंगर चढले. अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तिरोलमधल्या एका उतारावर पुढे गेर्नोट होता, मागे कोर्बिनियन. उतारावरचा बर्फ सुटला आणि गेर्नोटला घेऊन खाली गेला. कोर्बिनियनने त्याला एकट्याने शोधलं, एकट्याने उकरून काढलं. उशीर झाला होता. दफनाच्या दिवशी तो हात पुढे करून आला तेव्हा रोझविथाने तोंड फिरवलं. तेव्हापासून शनिवारच्या बाजारात दोघं समोरासमोर आले, की एक जण भाजीकडे वळायचा आणि दुसरा चीजकडे.

संध्याकाळी फेन्या घरी आली. वय वीस, इन्सब्रुकला शिकत होती, सुट्टीपुरती आलेली. रोझविथाने विषय काढताच तिने सॅक जमिनीवर ठेवली आणि कमरेवर हात घेऊन उभी राहिली.

"म्हणजे त्याने चुगली केलीच."

"चुगली नाही, विचारलं. तुला मात्र तेवढंही सुचलं नाही."

"तू काय म्हणशील ते मला माहीत होतं, आई."

"तुझ्या बाबाच्या जागी जायचंय का तुला? त्या डोंगरावर?"

"मुळीच नाही!" फेन्या चिडली. "मला कुठे फुलं वाहायला जायचं नाहीये. माझ्या वर्गातले सगळे जातात, मला डोंगर आवडतात, आणि मला नीट शिकायचंय. त्या पोरांबरोबर गेले, तर ते माझ्याइतकेच अडाणी. म्हणून कोर्बीकडे गेले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू नाही म्हणालीस, तर लपून जाणार नाही. सांगून जाईन. पण जाईन."

त्या रात्री रोझविथाला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून हिमस्खलनाचा रोजचा इशारा वाचत राहिली. एक म्हणजे धोका कमी, पाच म्हणजे घरी बसा. वारा कोणत्या दिशेचा, बर्फाचे थर कसे बसलेत, ती प्रत्येक ओळ दोनदा वाचायची. सँडविच तसंच राहायचं. चौथ्या दिवशी तिने कोर्बिनियनला फोन लावला.

"रविवारी तीन वाजता घरी ये. नकाशा आण. काय ठरायचं ते माझ्यासमोर ठरेल."

रविवारी तो पावणेतीनलाच आला आणि तीन वाजेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला. रोझविथा खिडकीतून बघत होती. केस पांढरे झाले होते, खांदे वाकले होते. तिने दार उघडलं, तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. बूट काढून मोज्यांवर आत आला, आणि मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

टेबलावर कॉफी आणि झोप्फचे, म्हणजे गोड वेणीपावाचे, काप होते. त्याने नकाशा पसरला. जिथे उतार तीस अंशांच्या वर, तिथे त्याने तांबड्या पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"पहिल्या दिवशी जंगलातून वर, इथल्या डोंगरी हटमध्ये मुक्काम," तो सांगू लागला. "दुसऱ्या दिवशी हा छोटा डोंगर, तिथे फेन्याला बर्फ खणून थर बघायला शिकवीन. तिसऱ्या दिवशी रोसकारचा उतार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात."

"हा तांबडा आहे," रोझविथा म्हणाली.

"मधला पट्टा आहे. दोनशे मीटर."

"आणि वारा वायव्येचा असला तर सगळा बर्फ याच बाजूला येऊन पडणार. बरोबर ना?"

कोर्बिनियनने चमकून तिच्याकडे पाहिलं. फेन्यानेही पाहिलं.

"बरोबर," तो म्हणाला. "मग उतारापाशी थांबून बघायचं, आणि ठीक वाटलं नाही तर तो ओलांडायचा नाही. या जंगलरस्त्याने वळसा घालून खाली. तीन तास जास्त लागतील."

रोझविथा प्रश्न विचारत गेली. बर्फाखाली गाडलेल्याला शोधायच्या यंत्रातली बॅटरी नवी आहे का, फावडी किती, फोन कुठे लागतो आणि कुठे नाही, कोण पुढे आणि कोण मागे. फेन्या मान खाली घालून पाव कुरतडत होती. कोर्बिनियन मात्र परीक्षेला बसल्यासारखा प्रत्येकाचं उत्तर देत होता. प्रश्न संपले. मग रोझविथाने अकरा वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

"त्या दिवशी तुमचं काय बोलणं झालं होतं? त्या उताराआधी?"

त्याने कप खाली ठेवला. "काहीच नाही."

"काहीच नाही कसं? कोणीतरी म्हणालं असेल, चल म्हणून."

"कोणीच नाही म्हणालं, रोझी. आम्ही थांबलो. बाटलीतला चहा प्यायलो. पायाखाली बर्फ धप्पकन बसल्यासारखा आवाज आला. मी ऐकला, त्यानेही ऐकलाच असणार. मला वाटलं, गेर्नोट एवढा जाणता, त्याला काही वाटत नाही, मग मीच कशाला घाबरट ठरू. त्यालाही माझ्याकडे बघून तेच वाटलं असेल. त्याने झाकण लावलं आणि निघाला."

रोझविथाचे कान तापले. तिने इतकी वर्षं एक भांडण रचून ठेवलं होतं. कोर्बिनियन हट्टाने पुढे रेटतोय, गेर्नोट नको नको म्हणतोय. त्या भांडणावर तिने दिवस काढले होते. आणि इथे तर काहीच नव्हतं. दोन माणसं चहा पीत होती.

"मी तुलाच धरून बसले होते," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीही स्वतःला धरून बसलोय. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं."

फेन्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे तिलाही नवीन होतं.

रोझविथा उठली, खिडकीशी गेली, परत आली. "माझी एकच अट. ज्याला शंका येईल त्याने तोंडाने बोलायचं. दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. वळायचं."

"आई, असं केलं तर आम्ही गाडीतळावरूनच परत येऊ," फेन्या नाक पुसत म्हणाली.

"मग या परत."

"तू मान्य कर," कोर्बिनियन फेन्याला म्हणाला. "लहान माणसाला बोलणं सगळ्यात जड जातं. माझ्यासारख्या थेरड्यासमोर तर आणखीच."

शुक्रवारी सकाळी ते निघाले. धोका दोन होता. संध्याकाळी फेन्याचा निरोप आला, "पोचलो. सूप छान आहे. कोर्बी घोरतो म्हणे, बघू." शनिवारी रात्रभर वर बर्फ पडला आणि रविवारी सकाळच्या इशाऱ्यात दोनाचे तीन झाले. वारा वायव्येचा. रोझविथाने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. कोर्बिनियन इशारा वाचल्याशिवाय दाराबाहेर पडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून काही उपयोग नव्हता.

उतार ओलांडला तर दुपारी दोनपर्यंत ते खाली यायला हवे होते, आणि वळसा घेतला तर पाचपर्यंत. दोन वाजले. काही नाही. तिने कपाटातले सगळे टॉवेल काढून पुन्हा घड्या घातल्या. चार वाजता ती जिन्यात जाऊन बसली, कारण बैठकीच्या खोलीत टीव्ही होता आणि बातम्या लावायचा मोह होत होता. पाच वाजून गेले. डोंगरी मदतपथकाचा नंबर तिने कागदावर लिहिला, मग तो तिला पाठ असल्याचं तिच्या लक्षात आलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. फेन्या रडत होती.

रोझविथाने कठडा धरला. "कोर्बी कुठाय?"

"इथेच आहे. गाडीला स्की बांधतोय. आम्ही ठीक आहोत, आई. जंगलात फोनच लागत नव्हता."

रोझविथाने नंबराचा कागद चुरगळला. "मग रडतेस कशाला?"

"मी सगळा बेत बिघडवला. उतारापाशी गेलो, तर तिथे आधीच स्कीच्या खुणा होत्या. कोर्बी म्हणाला, थांबून बघू. आणि मला शंका आली. म्हटलं, मला नाही जायचं. तेवढ्यात मागून सहा जण आले आणि एकेक करून सरळ पलीकडे गेले. वर टोकावरून आम्हाला हात केला. काही झालं नाही, आई. काहीसुद्धा. आणि आम्ही तीन तास झाडांतून घसरत बसलो."

"कोर्बीने कारण विचारलं?"

"नाही. वळला. वाटेत एक अक्षर बोलला नाही त्याबद्दल. मला इतकी लाज वाटली."

शाबास म्हणावं, असं रोझविथाला वाटलं. पण शाबासकीने त्या मुलीची लाज जाणार नव्हती. ती म्हणाली, "लाज वाटू दे. घरी ये."

साडेसातला गाडी फाटकाशी थांबली. फेन्याचे गाल उन्हाने भाजले होते, डोळ्यांभोवती चष्म्याचा पांढरा ठसा होता. तिने आईला मिठी मारली आणि बूट न काढताच आत गेली. कोर्बिनियन गाडीपाशीच घुटमळत होता.

"चीजची श्पेट्सले केलीत," रोझविथा दारातून म्हणाली. "तिघांची आहेत. आता ये."

जेवताना फेन्या त्या जाड शेवया दोनदा वाढून घेऊनही तक्रार करत राहिली. ते सहा जण मूर्ख होते की आपण, हे तिला ठरवायचं होतं. "कोर्बी, खरं सांग, तो उतार सुटला असता?"

"माहीत नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजानेही नाही. खणून बघितलं असतं तरी खात्रीने सांगता आलं नसतं. हे कधीच कळणार नाही, फेन्या. त्याची सवय करावी लागते."

"म्हणजे दर वेळी असंच?"

"दर वेळी."

फेन्याने काटा ताटात टाकला, अंघोळीला जाते म्हणाली आणि जिना चढून गेली. वर नळाचा आवाज सुरू झाला. ईस्टरला पोरगी पुन्हा जाणार, हे रोझविथाला तिच्या पावलांवरूनच कळलं होतं. तिने कोर्बिनियनला वाढायला डाव उचलला आणि तो ताटाच्या कडेवर टकटक वाजला. तिने डाव परत भांड्यात ठेवला.

"बघ, थांबत नाहीयेत," ती हात पुढे करून म्हणाली. "दुपारी दोनपासून."

कोर्बिनियनने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. उन्हाने रापलेली बोटं बारीक थरथरत होती.

"माझे सकाळी नऊपासून," तो म्हणाला. "उतारापाशी पोरीच्या आधी मीच बोलणार होतो. तोंडच उघडेना."