कान तयार होईपर्यंत

कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडणं हा तिचा पेशा होता. प्रयोगशाळेत बसून कवचाचा बारीकसा तुकडा काढायचा, आत डोकावायचं, चिकटपट्टी लावून अंडं परत उबेत ठेवायचं. आतल्या गर्भाचा कान म्हणजे सुरुवातीला नुसती इवलीशी पिशवी. तिच्यातूनच काही पेशी बाहेर पडतात, एक टोक मेंदूकडे धाडतात, दुसरं माघारी कानाकडे. ही जोडणी होईपर्यंत बाहेर कोणी कितीही घसा फोडला तरी आत शुकशुकाट. माशापासून माणसापर्यंत सगळीकडे हाच कारभार.

त्यामुळे लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर तिला दिवस राहिले आणि नवरा दुसऱ्याच महिन्यात पोटाशी तोंड नेऊन गप्पा हाणू लागला, तेव्हा तिने त्याला शास्त्रशुद्ध झापलं.

"अरे, तार अजून मेंदूपर्यंत पोचलेली नाही. भिंतीशी बोलतोयस तू."

"लग्नापासून सवय आहे."

"सहावा महिना सरू दे. मग काय बोलायचं ते बोल."

नवरा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा आणि घरी असला की बायकोचं ऐकायचा. तो गप्प झाला. रोज संध्याकाळी शहाण्यासारखा हातभर लांब बसून पेपर वाचू लागला.

पाचव्या महिन्यात कंपनीने त्याची रजा मधेच तोडली. बॅग उचलून निघताना तो दारात तिच्या पोटाशी वाकला, काहीतरी आठवलं तसा सरळ झाला.

"तयार नाही ना अजून?"

तिने मान हलवली. बरोबरच होतं ते. आपण बरोबर असल्याचा एवढा राग तिला आयुष्यात आला नव्हता.

जहाज बंदराला लागलं तरच त्याचा फोन यायचा, आणि मध्ये नुसता समुद्र. सातव्या महिन्यात एकदाचा आला.

"आता झाला असेल की कान."

"झाला."

"मग दे तिकडे."

फोनचा एवढासा आवाज कातडी, चरबी, पाणी ओलांडून नीट पोचणं कठीण, यावर ती तासभर व्याख्यान देऊ शकली असती. शिवाय त्याच्या आवाजाला ती स्वतःच आसुसली होती. पोटातल्याने काहीच मागितलं नव्हतं.

तिने फोन पोटावर धरला. तिकडे तो भराभरा काहीतरी सांगत सुटला. तिच्यापर्यंत नुसती गुणगुण आली, मधेच हसल्यासारखं, मग बराच वेळ अगदी हळू. ऐकायला म्हणून ती वाकली, तर पोटच आडवं आलं.

गुणगुण थांबली. तिने फोन कानाला लावला.

"ऐकलं का गं त्याने?"

"नीट नाही आलं म्हणतोय. पुन्हा सांग," ती म्हणाली, आणि फोन कानावरून हलवला नाही.