पानाच्या तळाची ओळ

मला व्हायरसची भीती वाटत नाही, किळस येते. त्यातूनही या जुन्या जातीची. हा स्वतः काही कामाचं करत नाही, दुसऱ्याच्या प्रोग्रामच्या पुढ्यात जाऊन बसतो. प्रोग्राम सुरू केला की आधी हा चालतो, मशीनच्या मेमरीत ठाण मांडतो आणि मग साळसूदपणे मूळ प्रोग्रामला पुढे करतो. काम नेहमीसारखं होतंय म्हटल्यावर कुणाला शंकाही येत नाही. त्यानंतर जो प्रोग्राम चालवाल त्याला हा गोचिडासारखा चिकटलाच. मेला फुकट्या!

काकांच्या ब्रेल छापखान्यातलं मशीन असंच सडलं होतं. कुणीतरी पत्त्यांचा खेळ आणून घातला, त्यातून हा आला. काका जन्मांध, छापलेलं बोटांनी तपासायचे. अक्षरांचे ठिपके करणारा प्रोग्राम त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी लिहिलेला. मलाही कॉम्प्युटर शिकवला तो बाईंनीच. त्या जाऊन सहा वर्षं झाली. प्रत्येक छपाईच्या शेवटी त्यांचा प्रोग्राम पानाच्या तळाशी एक जादा ओळ उठवायचा, फक्त काकांसाठी: ‘झालं छापून. आता हात धुऊन जेवायला या.’ काका तिच्यावरून बोट फिरवायचे, तेवढी पट्टी कापून खिशात टाकायचे आणि खरंच जेवायला उठायचे.

"बाकी काही गेलं तरी चालेल," काका म्हणाले. "ती ओळ तेवढी राहू दे."

"अहो काका, काळजी कसली करता? बाईंची मूळ फ्लॉपी आहे की."

मी हार्डडिस्कवरचं सगळं पुसून टाकलं, पुन्हा उकरून काढता येणार नाही असं. ती घाण निवडत कोण बसणार? मशीन मात्र बंद केलं नाही. ते परत सुरू व्हायला फार वेळ खातं आणि मला पुढच्या कामाला जायचं होतं. फ्लॉपी बाहेर काढली तेव्हा तिच्या खाचेवरची चंदेरी चिकटपट्टी सुटून पाकिटातच राहिली. ती लावलेली असली की फ्लॉपी नुसती वाचता येते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. बाईंनी हे पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं. पट्टी दिसली मला. म्हटलं, एकदा चालवून तर बघायचंय.

फ्लॉपी घरघरली आणि थांबली. मग पुन्हा कुरकुरली.

काकांनी मान वळवली. "वाचताना दोनदा आवाज करत नाही ती. लिहिलं का रे तिच्यावर काही?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. डिस्क पुसली होती, पण मशीन बंद केल्याशिवाय मेमरी पुसली जात नाही; तिथे तो व्हायरस तसाच बसून होता.

"छे हो, जुनी झालीय फ्लॉपी," मी म्हणालो.

फायलीचा आकार बघितला. फ्लॉपी आधीच काठोकाठ भरलेली. हा पुढ्यात घुसला, बाईंचं सगळं मागे रेटलं आणि शेवटी जे मावलं नाही ते कापून टाकलं. बरं, त्याला ते हवं होतं म्हणावं, तर तेही नाही. ओकारी यायची बाकी होती मला. त्याची किळस आली त्याहून माझ्या या आळशी हातांची जास्त आली.

तेवढ्यात ठिपके उठवणारं यंत्र खडखडलं आणि पान बाहेर आलं. काकांनी ते मांडीवर घेतलं. ठिपके एकदम स्वच्छ होते. त्यांची बोटं ओळीमागून ओळ उतरत तळाशी आली आणि थांबली. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली, पुन्हा तळाशी आले.

"कागद संपला का रे?"

त्यांच्या बोटांखाली चांगला चार बोटं कोरा कागद होता.

"हो," मी म्हणालो.

"मग दुसरा घाल."

मी दुसरा घातला.